एका बिटाला जागा किती?

संगणक किंवा मोबाईल घेताना "८ जीबी रॅम" असे आपण सहज म्हणतो. या ८ जीबीमध्ये सुमारे ६,८७१ कोटी बिट मावतात. प्रत्येक बिट म्हणजे ० किंवा १, आणि प्रत्येकासाठी चिपवर एक स्वतंत्र घर असते. त्याला मेमरी सेल म्हणतात. घर जितके लहान, तितकी त्याच चिपवर मेमरी अधिक. म्हणूनच बिटाला कमीत कमी जागेत कसे बसवावे, या प्रश्नामागे अभियंते अनेक दशके लागलेले आहेत.

एसरॅम प्रकारच्या सेलमध्ये साधारणतः ६ ट्रान्झिस्टर असतात. वीज असेपर्यंत ते माहिती धरून ठेवतात आणि ती फार वेगाने वाचता येते. मात्र जागा पुष्कळ लागते. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये वेगळी कल्पना सुचली. एक ट्रान्झिस्टर आणि एक संधारित्र, म्हणजेच कपॅसिटर, एवढ्यावर काम भागवायचे. संधारित्रात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. ट्रान्झिस्टर हा केवळ दरवाजा. १९६८ मध्ये त्यांना याचे पेटंट मिळाले. हीच डीरॅम. आजही संगणकाची मुख्य मेमरी याच तत्त्वावर चालते.

जागा वाचली, पण भार हळूहळू गळू लागला. म्हणून प्रत्येक सेल साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावा लागतो. शिवाय वाचतानाही भार निघून जातो, तोही लगेच परत भरावा लागतो.

खरी अडचण पुढेच आहे. सेल लहान केला की संधारित्रही लहान होते आणि त्यातला भार ओळखू येईनासा होतो. येथे बारावीचे सूत्र आठवा. धारिता प्लेटच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात, दोन प्लेटमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि मधला विद्युतरोधक पदार्थ कोणता यावरही अवलंबून असते. मग जागा न वाढवता क्षेत्रफळ कसे वाढवायचे? १९८० च्या दशकात काही कंपन्यांनी सिलिकॉनमध्ये खोल खड्डा करून त्याच्या भिंतींचा उपयोग केला, तर काहींनी ट्रान्झिस्टरच्या वर संधारित्र उभारले. प्लॉट लहान असला की घरावर मजले चढतात, तसेच हे. सेलची मांडणीही बदलली. चिपवरील सर्वांत बारीक रेघेच्या रुंदीएवढी बाजू असलेला चौरस घेतला, तर पूर्वी एका सेलला असे ८ चौरस लागत, नंतर ६ पुरू लागले.

पण दाटीवाटीने शेजाऱ्याला त्रास होतोच. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ व इंटेलच्या संशोधकांनी दाखवले की सेलची एक रांग वेगाने वारंवार उघडल्यास शेजारच्या रांगेतील बिट आपोआप उलटू शकतात. तपासलेल्या १२९ मेमरी मॉड्यूलपैकी ११० मध्ये हा दोष आढळला. ज्या माहितीला आपण हातही लावला नाही, तीच बदलावी, ही सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर बाब ठरली. त्यानंतर चिपमध्ये बचावाचे उपाय घालावे लागले.

मुलांनो, सूत्र पाठ केल्याने गुण मिळतात. पण यातली कोणती राशी मला बदलता येईल, असे विचारणाराच पुढे अभियंता होतो. अकरावी-बारावीच्या मुलांनी प्रयोगशाळेत एक संधारित्र भारित करून त्याला व्होल्टमीटर जोडावा आणि काटा कसा खाली येतो ते अवश्य पाहावे. पालकांनीही घरी त्यांना विचारावे, "भार गेला कुठे?"

— प्राचार्य