आगंतुकांचा नाट्यमहोत्सव

मागच्या गॅदरिंगच्या स्क्रीनिंग कमिटीत मी होतो. चौदा एकांकिका आणि स्किट्स आली, आम्ही पाच ठेवली. यादी नोटीस बोर्डावर लावून केबिनमध्ये येतो न येतो तोच सेकंड इयर मेकॅनिकलची चार पोरं दारात! "सर, वाईट होतं तर वाईट म्हणा. पण तुम्ही तिघांनीच बघितलं. बाकी कुणी बघितलंच नाही ना!"

मला उत्तर सुचलं नाही. चहा पाजला आणि परत पाठवलं. खरं सांगायचं तर मी याच कॉलेजच्या सी ब्लॉकला राहत असताना आमची एकांकिका एका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच उडाली होती, आणि रात्रभर टेरेसवर बसून मीही हेच बडबडत होतो. त्या पोरांना जे सांगायला हवं होतं, ते आता इथे लिहितोय.

२०१९ साली मी स्कॉटलंडमध्ये एडिंबराला एम.एस्सी. करत होतो. विषय, इमारतींची आगीपासून सुरक्षा. ऑगस्ट हा प्रबंध लिहायचा महिना, आणि नेमक्या त्याच महिन्यात त्या गावाला नाटकाचं वेड लागतं. (तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला श्रावण. छत्री हवीच.) या प्रकाराचं नाव 'फ्रिंज', म्हणजे कापडाची किनार, झालर. त्या वर्षी तीन-साडेतीन आठवड्यांत ३२३ ठिकाणी ३,८४१ कार्यक्रम झाले आणि तिकिटं खपली तीस लाखांवर. आता गंमत ऐका. या ३,८४१ पैकी एकाचीही निवड फ्रिंजच्या कुठल्या कमिटीने केलेली नव्हती!

याचं मूळ १९४७ मध्ये आहे. महायुद्ध नुकतंच संपलेलं. एडिंबरात मोठा आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव भरवायचं ठरलं, मोठमोठ्या मंडळींना आमंत्रणं गेली. आठ नाटक कंपन्यांना आमंत्रण नव्हतं. तरी त्या आल्या, मिळतील ते हॉल भाड्याने घेतले आणि प्रयोग लावले. एकीने तर शहराबाहेर, डनफर्मलिनच्या जुन्या ॲबीत प्रयोग केला. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या पत्रकार-नाटककाराने त्यांच्याबद्दल लिहिताना महोत्सवाच्या 'किनारीवर' चाललेली नाटकं असं म्हटलं, आणि नाव चिकटलं. १९५८ मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली. तिचं काम कार्यक्रमपत्रिका छापणं, तिकीटविक्री सांभाळणं, आलेल्यांना माहिती देणं. कोण चांगलं, कोण वाईट हे मात्र सोसायटीने ठरवायचं नाही. हा नियम आजही पाळला जातो.

मग होतं काय? जागा मिळेल तिथे नाटक. आमच्या युनिव्हर्सिटीच्या ज्या लेक्चर हॉलमध्ये पोरं डुलक्या काढायची, तिथे काळे पडदे लागतात. तळघरं, चर्च, हॉटेलांच्या मीटिंग रूम, पबचा माळा, काहीही चालतं. पण किती माणसं बसणार, दारं किती, बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, हे महापालिका परवाना देताना बघते. नाटक कसं आहे ते बघत नाही! एका खोलीत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सात-आठ नाटकं. प्रत्येकाला साधारण एक तास, मध्ये पंधराएक मिनिटं. तेवढ्यात आधीच्यांनी सेट उचलायचा, पुढच्यांनी लावायचा. त्यामुळे सेट म्हणजे दोन खुर्च्या आणि एक ट्रंक. लाइट्स सगळ्यांचे सामाईक.

इथवर ऐकून माझ्यासारखा 'उडालेला' माणूस खूश होतो. मीही झालो होतो. पण एका रात्री रॉयल माइल या मुख्य रस्त्यावर पावसात भिजत एक मुलगी हँडबिलं वाटत होती. "प्लीज या," म्हणाली. गेलो. पन्नास खुर्च्यांच्या तळघरात आम्ही चौघे. तीच हँडबिलवाली एकटीच स्टेजवर, आणि तिने पूर्ण तासभर, एकही वाक्य न गाळता प्रयोग केला. नंतर दारात उभी राहून चौघांचे आभार मानले आणि पुन्हा हँडबिलांची पिशवी उचलली.

आता तिचा हिशोब मांडू, इंजिनियर आहोत आपण. समजा तिकीट दहा पौंड, प्रयोग वीस. सगळं हाउसफुल्ल गेलं तर दहा हजार. एक तृतीयांश विकलं तर सुमारे ३,३००. साधारण प्रथा अशी, की त्यातले चाळीस टक्के जागेवाल्याचे, आणि बऱ्याचदा किमान रकमेची हमीही द्यावी लागते. उरले दोन हजार. त्यातून पत्रिकेत नाव छापायची फी, पोस्टरं, प्रवास आणि ऑगस्टमध्ये आभाळाला भिडलेलं घरभाडं. पाच जणांचा ग्रुप असेल तर हिशोब तिथेच संपला. म्हणजे स्क्रीनिंग कमिटी नाही हे खरं, पण पाकीट तेच काम करतं. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो आपोआप 'उडतो', आणि त्याला कुणी सांगतही नाही. यावर उतारा म्हणून १९९६ पासून 'फ्री फ्रिंज' निघालं. जागेला भाडं नाही, नाटकाला तिकीट नाही, शेवटी बादली फिरवायची.

तरीही लोक जातात, कारण अधूनमधून तीर लागतो. १९६६ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी तिथे टॉम स्टॉपर्ड या अनोळखी लेखकाचं 'रोझेनक्रांट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' केलं. पुढच्याच वर्षी ते लंडनच्या नॅशनल थिएटरला लागलं. (हा स्टॉपर्ड लहानपणी दार्जिलिंगच्या शाळेत होता बरं का!) २०१७ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी 'सिक्स' नावाचं म्युझिकल आणलं. ते पुढे ब्रॉडवेला पोचलं आणि २०२२ मध्ये त्याच्या संगीताला टोनी मिळालं. आठवा, दोन्ही पोराटोरांची कामं. आणि हेही खरं, की त्यांच्या शेजारच्या खोल्यांत रिकाम्या खुर्च्यांपुढे किती जणांनी प्रयोग केले, त्याची यादी कुणी छापत नाही.

आपल्याकडे पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धा १९६३ पासून चालू आहेत, आणि त्या परीक्षकांच्या धाकानेच पोरं तालमीला वेळेवर येतात हे मी जाणतो. ते मोडा असं मी म्हणत नाही. स्क्रीनिंग कमिटीतही मी यंदा आहेच. पण आपल्या हॉस्टेलच्या मेसला भाडं नाही, तिकीट नाही, आणि प्रेक्षक जिना उतरून येतात. जे पाकीट तिकडे आडवं येतं ते इथे नाही. म्हणून यंदा गॅदरिंगच्या आदल्या चार रात्री, जेवणं आटोपल्यावर साडेनऊपासून, मेस हॉल मोकळा मागितलाय. तीस मिनिटांचा एक, असे रोज दोन प्रयोग. दोन खुर्च्या, एक ट्रंक. निवड नाही. चौघं आले तरी पूर्ण करायचं.

रेक्टर सरांनी दोन अटी घातल्यात. मागचं दार उघडं राहील, आणि पावणेअकराला मावशींना झाडलोटीसाठी हॉल परत मिळेल. मागच्या दाराशी मी स्वतः उभा राहीन, माझा विषयच तो. माझ्या केबिनबाहेर कागद लावलाय, नावं त्यावर लिहायची. आठपैकी तीन जागा भरल्यात. त्या चौघांचं नाव अजून आलेलं नाही.