पॅलाडिनची अट

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक ‘डंजन मास्टर’, म्हणजे निवेदक आणि पंच दोन्ही. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. प्रत्येक पात्राचा एक ‘क्लास’ असतो: योद्धा, जादूगार, धर्मगुरू, चोर वगैरे. त्याला आपण पेशा म्हणू. शिवाय पात्राची एक ‘अलाइनमेंट’ असते. तिला नैतिक कल म्हणू.

बरीच वर्षे या दोहोंना एका नियमाने बांधलेले होते. अमुक पेशा हवा असेल, तर अमुकच कल हवा. हा नियम कसा आला आणि का गेला, हे पाहताना खेळापलीकडचा एक प्रश्न समोर येतो. एखाद्याचे सामर्थ्य त्याच्या चांगुलपणावर अवलंबून ठेवायचे ठरवले, तर तो चांगुलपणा मोजणार कोण?

मुळात कल म्हणजे स्वभाव नव्हताच. १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हा टेबलावर सैन्ये मांडून लढायचा खेळ काढला होता. त्याच्या अद्भुत प्राण्यांच्या पुरवणीत एक यादी होती: कोण सुव्यवस्थेच्या बाजूने उभा राहील, कोण अनागोंदीच्या, आणि कोण तटस्थ. तो फक्त पक्ष होता. सुव्यवस्था आणि अनागोंदी यांच्यातील युद्धाची ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कथा-कादंबऱ्यांतून आलेली. अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीचा नायक हा दुसऱ्या महायुद्धातून थेट शार्लमेन राजाच्या दंतकथांच्या जगात जाऊन पडलेला डॅनिश अभियंता आहे. शार्लमेनच्या त्या निवडक वीरांना ‘पॅलाडिन’ म्हणतात.

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत पॅलाडिन हा पेशा म्हणून खेळात आला. स्पर्शाने जखमा बऱ्या करणे, रोगांपासून मुक्तता, खास घोडा अशी देणगी त्याला मिळाली. बदल्यात त्याने सदैव सुव्यवस्थेच्या बाजूने राहायचे. अनागोंदीचे एकही कृत्य हातून घडले की सारे गेले, आणि ते परत मिळणार नाही. पक्षाची यादी इथे प्रथमच वर्तनाची अट बनली.

पुढच्याच वर्षी गायगॅक्सने एका लेखात सुव्यवस्था-अनागोंदी या अक्षाला सुष्ट-दुष्ट हा दुसरा अक्ष छेद दिला. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये नऊ घरांची चौकट पक्की झाली आणि पेशे त्या घरांत बसवले गेले. पॅलाडिन हवा तर सुव्यवस्थित आणि सुष्ट. रेंजर, म्हणजे रानावनात वावरणारा योद्धा, सुष्टच. निसर्गाचा तोल सांभाळणारा ड्रुइड पूर्ण तटस्थ. पैसे घेऊन जीव घेणारा मारेकरी दुष्टच असणार.

यातल्या काही अटी पटतात. सुपारी घेणारा सज्जन कसा असेल? पण पॅलाडिनच्या अटीमागे हिशेबही होता. तो साध्या योद्ध्याहून बलवान. म्हणून त्याला उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान करायला लावला, जवळच्या जादूच्या वस्तूंवर दहाची मर्यादा घातली आणि सदाचाराचे बंधन घातले. सदाचार ही त्याच्या जादा ताकदीची किंमत ठरली.

१९७८ च्या नियमातील एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. पॅलाडिनने जाणूनबुजून बेशिस्त कृत्य केले, तर वरिष्ठ धर्मगुरूपुढे कबुली आणि प्रायश्चित्त यांची वाट मोकळी होती. दुष्ट कृत्य केले, तर पद कायमचे गेले. शिस्तभंगाला क्षमा होती, दुष्टपणाला नव्हती. विचार म्हणून हे चोख आहे. पण कोणते कृत्य कोणत्या प्रकारात मोडते, हे ठरवणार कोण?

‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे गायगॅक्सनेच लिहिलेले साहस घ्या. त्यातील गुहांत राक्षसी टोळ्या राहतात, आणि लढणाऱ्यांसोबत न लढणाऱ्या बायका आणि पोरेही आहेत. अशा गुहेत पॅलाडिन उभा राहिला, तर त्याने काय करावे? पोरे मोठी होऊन गावे लुटतील म्हणून मारावीत? निष्पाप म्हणून सोडावीत? दोन्ही बाजूंनी बोलता येते, पण निकाल पंचाचा. त्याला पटले नाही, तर समोर बसलेल्या मित्राचे पात्र एका वाक्यात साधा योद्धा होऊन जाई. महाभारतात युधिष्ठिराचा भूमीपासून चार बोटे वर चालणारा रथ अश्वत्थाम्याविषयीच्या अर्धसत्यानंतर खाली टेकला. तिथे निवाडा कथेचाच होता, आणि श्रोत्याला तो मान्य असतो. इथे निवाडा करणारा टेबलापलीकडे चहा पीत बसलेला असतो, आणि आरोपीला उलट प्रश्न विचारता येतो.

म्हणून नियम सैल होत गेले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मारेकरी हा पेशाच वगळला गेला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत रेंजर मोकळा झाला. पॅलाडिनची अट मात्र टिकली. २००८ मध्ये नऊ घरांची पाच झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नऊ घरे परत आली, पण कोणत्याही पेशाला कलाची अट उरली नाही.

पॅलाडिनला आता शपथ असते. निष्ठेची, सूडाची किंवा प्राचीन निसर्गाच्या रक्षणाची. ती खेळणारा स्वतः निवडतो, आणि तिची कलमे पुस्तकात छापलेली असतात. ‘तू चांगला आहेस का?’ हा प्रश्न मागे पडून ‘तू घेतलेला वसा पाळलास का?’ हा प्रश्न पुढे आला. पंचाचे काम सोपे झाले आणि मैत्रीही वाचली.

किंमत मात्र द्यावी लागली. सूडाची शपथ घेतलेला पॅलाडिन निर्दय असूनही वचनाला पक्का राहू शकतो, आणि त्याची दैवी ताकद तसूभरही कमी होत नाही. वचन पाळणे आणि सज्जन असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे भीष्माची प्रतिज्ञा ठाऊक असलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

आणखी एक बदल फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. २००० च्या नियमांत पॅलाडिनला समोरच्या माणसातली दुष्टता दैवी शक्तीने कळत असे. २०१४ च्या नियमांत त्याची ती जाणीव फक्त देवदूत, पिशाच्च, चालती प्रेते अशांपुरती उरली. माणूस तिला दिसत नाही. समोर बसलेला सरदार खोटारडा आहे की प्रामाणिक, हे पॅलाडिनलाही आता आपल्यासारखेच ठरवावे लागते: त्याच्याशी बोलून, त्याचे वागणे पाहून, आणि चुकण्याची तयारी ठेवून.