प्रवेश, पात्रता आणि भाषा : परभणी जिल्ह्यातील पदव्युत्तर शिक्षणाच्या अनुषंगाने

पदव्युत्तर वर्गांच्या प्रवेशाचे नियम हा सामान्यतः कचेरीच्या कामकाजाचा विषय समजला जातो. विद्यार्थी त्यांचा विचार जून-जुलैत करतात, अध्यापक प्रवेश-समितीवर नेमणूक झाली म्हणजे करतात, आणि वर्ग सुरू झाले की दोघेही तो विसरून जातात. वस्तुतः प्रवेशाचा कोणताही नियम दोन प्रश्नांची उत्तरे देत असतो. विद्यार्थ्याने पूर्वी जे शिकले आहे त्यापैकी कशास मान्यता द्यावयाची, हा पहिला. आणि ते शिकलेले त्याने कोणत्या भाषेत दाखवून द्यावयाचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नियमपुस्तकात लिहिलेले असते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा लिहिलेले नसते, आणि म्हणूनच ते अधिक परिणामकारक ठरते. मराठवाड्यात, विशेषतः परभणीसारख्या जिल्ह्यात, हा दुसरा प्रश्न एके काळी उघडपणे पुढे उभा होता. त्या इतिहासाच्या आधारे आजच्या नियमांकडे पाहिले असता काही गोष्टी स्पष्ट होतात.

आधी शब्दांविषयी थोडे. प्रवेशाच्या परिभाषेत ‘पात्रता’, ‘अर्हता’ आणि ‘समकक्षता’ हे तीन शब्द वारंवार येतात व पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘पात्र’ म्हणजे भांडे. त्यावरून दान घेण्यास योग्य अशी व्यक्ती. ‘अर्हता’ ही विशिष्ट परीक्षा किंवा पदवी होय. ‘समकक्षता’ मात्र विद्यार्थ्याच्या ठिकाणी नसतेच. ती एक संस्था दुसऱ्या संस्थेच्या परीक्षेस देत असते. याहून बोधप्रद शब्द म्हणजे ‘दाखला’. अरबी मूळ धातूचा अर्थ ‘आत शिरणे’ असा आहे, आणि उर्दू-हिंदीत ‘दाखिला’ म्हणजे प्रवेश. मराठीने ‘दाखल होणे’ यात तो अर्थ राखला. पण ‘दाखला’ हे नाम प्रमाणपत्राच्या अर्थी रूढ केले. ज्या प्रदेशात उच्च शिक्षण एक पिढीभर उर्दूतून चालले, तेथील मराठी विद्यार्थ्यास दोन्ही अर्थ एकदमच भेटत: दाखल्यावाचून दाखिला नाही.

उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली आणि त्याचे वर्ग १९१९ मध्ये सुरू झाले. अध्यापनाचे माध्यम उर्दू होते व इंग्रजी हा आवश्यक विषय होता. एतद्देशीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग मोठा होता यात शंका नाही. विज्ञान, वैद्यक, कायदा या विषयांचे शिक्षण भारतीय भाषेतून देता येते हे त्याने सिद्ध केले. परंतु ‘एतद्देशीय’ म्हणजे कोणत्या देशीचे, हा प्रश्न हैदराबाद संस्थानात गौण नव्हता. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगु, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. परभणी, पाथरी किंवा जिंतूरच्या मराठी घरातील मुलास इंग्रजीच्या जोडीला उर्दूवरही असे प्रभुत्व मिळवावे लागे की त्या भाषेत इतिहास आणि गणित समजावे व लिहिता यावे. ही अट पदवीच्या वा पदव्युत्तर वर्गाच्या नियमात निराळी लिहिण्याचे कारणच नव्हते. शाळेच्या माध्यमातच ती सामावलेली होती.

दुसरा मार्ग हैदराबादच्या निजाम कॉलेजचा. ते मद्रास विद्यापीठाशी संलग्न असून तेथे शिक्षण इंग्रजीतून मिळे. तिसरा मार्ग संस्थानाबाहेरचा. परभणीच्या स्थानकावरून एका दिशेची गाडी हैदराबादला जाई, दुसऱ्या दिशेची मनमाडला. आणि मनमाडहून पुणे-मुंबई गाठता येई. ज्यांस परवडे ते या दुसऱ्या दिशेने जात. थोडक्यात, एकाच गावच्या दोन विद्यार्थ्यांची अर्हता त्यांनी कोणत्या गाडीचे तिकीट काढले यावर ठरत असे, आणि ते तिकीट घरची ऐपत ठरवीत असे.

समकक्षतेचे सामर्थ्य किती असते याचे एक उदाहरण या काळात घडले. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांना वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. त्यातून संप उभा राहिला, तो हैदराबादेत पसरला, आणि उस्मानिया विद्यापीठाने संपात सामील झालेल्या विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांच्यापैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्या वेळी केदार हे तेथील कुलगुरू होते. या प्रसंगाची राष्ट्रीय बाजू सर्वपरिचित आहे. शैक्षणिक बाजूकडे तितके लक्ष गेलेले नाही. नागपुरास तेव्हा अध्यापन इंग्रजीतून चाले. येणारे विद्यार्थी उर्दू माध्यमातून शिकलेले होते, आणि त्यांच्याकडे मागील संस्थेची सद्भावना तर मुळीच नव्हती. तरीही त्यांचे पूर्वीचे शिक्षण ग्राह्य धरण्यात आले. विद्यापीठाने ठरविले तर समकक्षतेचा अर्थ उदारपणे लावता येतो, आणि नियमाची मोडतोड न होताही हे साधते, एवढे यावरून दिसते.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. जो विद्यार्थी उर्दूशी झगडत वर आला होता त्याच्यापुढे आता इंग्रजी उभी राहिली. मराठीचा प्रश्न तसाच राहिला. १९५० मध्ये औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आणि नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्यामुळे पदवीचे शिक्षण जवळ आले. परभणीस कृषि महाविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, तरी येथील महाविद्यालये उस्मानियाशीच संलग्न होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले व श्री. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू झाले. तेव्हा परभणीच्या पदवीधरास प्रथमच आपल्या प्रदेशातील विद्यापीठाचे नियम लागू झाले.

आज परिस्थिती नेमकी उलट आहे. पूर्वी नियम दूरच्या एकाच ठिकाणाहून येत. आता परभणी या एका शहरात तीन विद्यापीठांचे नियम शेजारी-शेजारी नांदतात. कृषि विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले व २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. पशुवैद्यक महाविद्यालय पुढे नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांची महाविद्यालये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आली. कृषीच्या पदव्युत्तर वर्गास चार वर्षांची कृषि किंवा तत्सम पदवी आणि सामायिक प्रवेशपरीक्षा आवश्यक असते. भाषा व सामाजिक शास्त्रांच्या एम्.ए.ला प्रायः कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. एम्.एस्‌सी.स मात्र पदवीस तो विषय घेतलेला असावा लागतो. या भेदामागे तर्क आहे. परंतु भाषाविषय सर्वांना खुले ठेवण्यात त्या विषयांविषयीचा आदर किती व विद्यार्थिसंख्येची चिंता किती, हे सांगणे अवघड आहे.

१९९४ च्या विभाजनाने आणखी एक गोष्ट घडविली. सेलू परभणी जिल्ह्यात, परतूर जालना जिल्ह्यात. एकाच लोहमार्गावरील ही शेजारची गावे. सेलूचे महाविद्यालय नांदेड विद्यापीठाचे, परतूरचे छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे. सेलूच्या पदवीधराने एम्.ए.साठी संभाजीनगर गाठले की तो ‘अन्य विद्यापीठाचा’ होतो, आणि स्थलांतर प्रमाणपत्र व पात्रता प्रमाणपत्र ही दोन्ही कागदपत्रे त्याला जमवावी लागतात. १९९३ मध्ये त्याच प्रवासास ती लागली नसती. समकक्षता ही विद्यार्थ्याच्या ठिकाणी नसते असे वर म्हटले, त्याचा याहून चांगला पुरावा नाही. शिकलेले बदलले नाही; नकाशावरील रेघ तेवढी बदलली.

वर्षांच्या हिशेबाचाही असाच प्रकार आहे. अमेरिकेत ‘ग्रॅज्युएट’ अभ्यासक्रम म्हणजे आपला पदव्युत्तर अभ्यासक्रम, आणि त्यासाठी तेथे सामान्यतः चार वर्षांची पदवी अपेक्षिली जाते. परभणीच्या कृषि पदवीधराची बारा आणि चार मिळून सोळा वर्षे भरतात. त्याच शहरातील बी.ए. झालेल्याची पंधरा. एकाची अर्हता तेथे सहज मान्य होते, दुसऱ्याची तपासली जाते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना आली, आणि तीत चौथ्या वर्षाची सोय आहे. त्या वर्षी प्रथम वर्गात बसलेला विद्यार्थी चार वर्षे पुरी करील तो २०२८ मध्ये. पण चौथे वर्ष संशोधनासह चालवावयाचे तर मान्यताप्राप्त मार्गदर्शक, ग्रंथालय व प्रयोगशाळा हवी. पालम, सोनपेठसारख्या तालुक्यांत ती कितपत मिळेल याचा विचार आजच व्हावयास हवा.

कारण हे चौथे वर्ष आता थेट पीएच्.डी.च्या दाराशी जोडले गेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच्.डी.साठी ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी, अथवा ७५ टक्के गुणांची चार वर्षांची पदवी चालते. मागास प्रवर्ग, दिव्यांग इत्यादींना ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर व निम्मे विषयावर असतात, आणि गुणवत्ता-यादीत लेखी परीक्षेला ७० व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. एम्.फिल्. बंद झाले. जून २०२४ पासून ‘नेट’ परीक्षेचे गुणही पीएच्.डी.च्या प्रवेशासाठी धरता येतात. मात्र शिष्यवृत्ती न मिळालेल्यांच्या बाबतीत ते या कामी एकच वर्ष टिकतात.

येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ‘नेट’मध्ये मराठी विषयाची प्रश्नपत्रिका मराठीत असते, परंतु सर्वांना समान असलेला पहिला पेपर इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत असतो. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र या विषयांचेही तसेच. परभणी जिल्ह्यातील ज्या विद्यार्थ्याने हे विषय पदवीपर्यंत व पुढेही मराठीतून अभ्यासले, त्याला ‘गृहीतक’ ठाऊक असते, ‘हायपॉथिसिस’ ठाऊक नसते. ‘नमुनानिवड’ समजते, ‘सॅम्पलिंग’ समजत नाही. नियमात कोठेही ‘इंग्रजी येणे आवश्यक’ असे वाक्य नाही. उस्मानियाच्या काळी उर्दूविषयीचे वाक्यही पदव्युत्तर नियमात लिहावे लागले नव्हते.

तरीही त्या दोन काळांत एक फरक आहे, आणि तो उस्मानियाच्या बाजूचा आहे. त्या विद्यापीठाने आपली भाषा-अट घालण्यापूर्वी भाषांतर-संस्था काढली. १९१७ मध्ये ती सुरू झाली, वर्ग दोन वर्षांनी भरले. अट आणि तिची पूर्तता करण्याचे साधन ही दोन्ही एकाच हाताने दिली गेली. मराठीत साधन आहे: राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश अनेक विषयांत उपलब्ध आहेत व संशोधनपद्धतीला लागणाऱ्या संज्ञांपैकी बहुतेक त्यांत सापडतात. पण ते कोश ग्रंथालयाच्या संदर्भ-विभागात राहतात आणि प्रश्नपत्रिका परीक्षा-विभागात तयार होते. पीएच्.डी.ची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा विद्यापीठ स्वतः घेते तेव्हा संशोधनपद्धतीचा भाग मराठी व इंग्रजी अशा दोन्ही स्तंभांत छापण्यास नव्या पदांची गरज नाही, नव्या निधीचीही फारशी नाही. महाराष्ट्र-गोव्याच्या ‘सेट’ परीक्षेत पहिला पेपर दोन्ही भाषांत दिला जातो, म्हणजे रीत नवी नाही. प्रश्न तयार करणाऱ्या अध्यापकांनी आपल्या विषयाचा परिभाषाकोश शेजारी ठेवून बसावे लागेल इतकेच. आणि ज्या संज्ञेला दोन मराठी पर्याय प्रचारात आहेत, तेथे दोन्ही द्यावे लागतील.