बुटक्या बाटलीचा कॅनडा

कॅनडातील मद्यनिर्मात्यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी जी बाटली आपसांत समाईक म्हणून स्वीकारली, ती 'स्टबी' या नावाने ओळखली जाते. आखूड मान, गोलसर खांदे आणि तपकिरी काच असलेल्या या बाटलीत 341 मिलिलिटर, म्हणजे 12 इंपीरियल औंस, बिअर मावत असे. ती कोणा एका कंपनीची नव्हती, तर मोल्सन, लाबॅट आणि पुढे कार्लिंग ओ'कीफ हे नाव धारण केलेली कॅनेडियन ब्रुअरीज हे कट्टर प्रतिस्पर्धी तीच वापरत आणि वेगळेपणा केवळ लेबलावर दाखवत.

या व्यवस्थेमागे काटेकोर हिशेब होता. प्रांतोप्रांतीच्या कायद्यांमुळे बिअर जिथे विकायची त्याच प्रांतात ती तयार करणे कंपन्यांना बहुधा भाग पडे, त्यामुळे कारखाने देशभर विखुरलेले होते; अशा स्थितीत अनामत रक्कम घेऊन दिलेली बाटली रिकामी होऊन परत आली, की ती कोणाची हे न पाहता कोणत्याही कारखान्याला धुऊन पुन्हा भरता येणे ही मोठीच सोय होती. आंटारिओत तर मद्यनिर्मात्यांच्याच मालकीच्या, 1927 साली सुरू झालेल्या दुकानसाखळीतून विक्री होई आणि रिकाम्या बाटल्याही तिथेच परत घेतल्या जात. मान आखूड असल्याने खोके लहान होत आणि बाटल्या कमी फुटत. तपकिरी काचेचे कारण रासायनिक आहे: बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांतील घटकांवर प्रकाश पडला, तर गंधकयुक्त, दुर्गंधी संयुगे तयार होतात आणि गडद काच त्यांना बराच अटकाव करते.

इतकी उपयुक्त बाटली जाहिरातदारांना मात्र अडचणीची वाटू लागली. 1983 साली कार्लिंग ओ'कीफने मिलर हाय लाइफ ही अमेरिकी बिअर लांब मानेच्या बाटलीत आणली, प्रतिस्पर्ध्यांनी तोच मार्ग धरला आणि थोड्याच काळात स्टबी बाजारातून हद्दपार झाली. (बिअरच्या चवींत फारसा फरक नसल्याने तो बाटलीने दाखवावा, अशी ही धडपड होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरू नये.) प्रत्येकाची बाटली निराळी झाल्यावर परतलेल्या बाटल्या निवडण्याचा खर्च वाढला आणि 1992 मध्ये कंपन्या पुन्हा समाईक बाटलीवर आल्या, पण या वेळी ती लांब मानेची होती.

स्टबीविषयीच्या हळहळीला दूरचित्रवाणीनेही खतपाणी घातले. रिक मोरॅनिस आणि डेव्ह टॉमस यांनी 1980 पासून रंगवलेले बॉब आणि डग मॅकेंझी हे बिअरबहाद्दर भाऊ स्टबीसह लोकांच्या मनात ठसले आणि त्यांचा 'स्ट्रेंज ब्रू' हा चित्रपट नेमका 1983 सालीच आला. शेजारच्या अमेरिकेसारखी दिसणारी बाटली घरोघरी पोहोचत असताना जुनी बाटली 'आपली' वाटू लागणे स्वाभाविक होते. पुढे 2000 नंतरच्या दशकात वॉटर्लू येथील ब्रिक या छोट्या कंपनीने 'रेड कॅप' ही बिअर स्टबीत भरून हे प्रेम बाजारात आणले. मात्र ही नवी स्टबी एका कंपनीची ओळखखूण होती आणि परत आलेल्या लांब मानेच्या बाटल्यांतून ती वेगळी काढावी लागे.