आखूड तोंडाचे ट्रक अमेरिकेत चालतील?

चालतील, पूर्वी चालतही होते. युरोपात ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून लांबी साधारण १६.५ मीटरच्या आत ठेवावी लागते. त्यामुळे केबिन इंजिनावर बसवली, की मालाला जागा वाढते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही एकूण लांबीवर मर्यादा होती. १९८२च्या कायद्याने प्रमुख महामार्गांवर ती उठली. मोजायचा तो फक्त ट्रेलर. मग लांब नाकाचे ट्रक फोफावले. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त, म्हणून चालकाला धक्के कमी. बॉनेट उघडले की इंजिन हाताशी. शिवाय तिथल्या पुलांसाठीच्या नियमात अ‍ॅक्सल दूर असतील तर जास्त वजन नेता येते. शहरातल्या अरुंद वळणांवर मात्र आखूड तोंडच सोयीचे. म्हणूनच तिथल्या बहुतेक कचरागाड्या आजही तशाच आहेत.