ऑर्कनीमधील लाट व भरती-ओहोटी ऊर्जा

स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहाभोवतीच्या समुद्रातून वीज मिळवण्याचे संघटित प्रयत्न २००३ पासून चालू आहेत. लाटा आणि भरती-ओहोटीचे प्रवाह या दोन्ही स्रोतांवरील यंत्रांच्या चाचणीचे हे जगातील एक प्रमुख केंद्र आहे. समुद्रातून वीज निर्माण करता येते हे येथे सिद्ध झाले; मात्र ती किफायतशीर दराने निर्माण करणे आणि बेटांबाहेर पोहोचवणे हे प्रश्न अधिक अवघड ठरले.

भौगोलिक पार्श्वभूमी

ऑर्कनीमध्ये सुमारे ७० बेटे असून त्यांपैकी सुमारे २० बेटांवर वस्ती आहे. एकूण लोकसंख्या २२,००० च्या आसपास आहे. पेंटलँड फर्थ ही सामुद्रधुनी या बेटांना स्कॉटलंडच्या मुख्य भूमीपासून वेगळे करते. पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक महासागराच्या मोठ्या लाटा थेट येऊन आदळतात. अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र यांतील भरतीच्या वेळा भिन्न असल्याने बेटांच्या दोन बाजूंना पाण्याच्या पातळीत फरक पडतो व अरुंद सामुद्रधुन्यांतून पाणी वेगाने वाहते. ईडे बेटाजवळील फॉल ऑफ वॉरनेस येथे उधाणाच्या वेळी प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ४ मीटरपर्यंत जातो.

दोन स्रोतांतील फरक

लाटा वाऱ्यामुळे निर्माण होतात. त्यामुळे त्यांचे बळ हवामानानुसार बदलते. भरती-ओहोटी चंद्र व सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे होते. म्हणून उधाण केव्हा येईल आणि भांगाची भरती केव्हा असेल हे अनेक वर्षे आधी सांगता येते. समुद्राचे पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने मंद प्रवाहातही मोठी ऊर्जा असते. पवनचक्कीपेक्षा लहान पात्यांचे टर्बाइन पाण्याखाली पुरेसे ठरते ते यामुळेच.

चाचणी केंद्र

युरोपियन मरीन एनर्जी सेंटर ही संस्था २००३ मध्ये स्थापन झाली. तिचे कार्यालय स्ट्रॉमनेस या बंदराच्या गावी आहे. लाटयंत्रांसाठी बिलिया क्रू येथे आणि प्रवाहयंत्रांसाठी फॉल ऑफ वॉरनेस येथे समुद्रतळावर वीजवाहक केबल टाकलेल्या आहेत. कंपनीने आपले यंत्र आणून या केबलला जोडायचे, अशी व्यवस्था असल्यामुळे प्रत्येक कंपनीला स्वतंत्र केबल टाकावी लागत नाही.

लाटयंत्रे

२००४ मध्ये पेलामिस या यंत्राने येथून राष्ट्रीय विद्युतजाळ्याला वीज पुरवली. खुल्या समुद्रातील लाटयंत्राकडून असा पुरवठा होण्याची ही जगातील पहिली वेळ मानली जाते. एकमेकांना सांध्यांनी जोडलेली लांब नळकांडी असलेले हे यंत्र सापाप्रमाणे लाटांवर तरंगत असे व सांध्यांच्या हालचालीतून वीज निर्माण होई. २००९ मध्ये बसवलेले ऑयस्टर हे यंत्र किनाऱ्याजवळ तळाशी बिजागरीने जोडलेले होते. त्याची झडप लाटांबरोबर पुढे-मागे होऊन दाबाखालील पाणी किनाऱ्यावरील टर्बाइनकडे ढकलत असे.

दोन्ही यंत्रे चालली, परंतु त्यांच्यामागील कंपन्या टिकल्या नाहीत. पेलामिसची कंपनी २०१४ मध्ये आणि ऑयस्टरची २०१५ मध्ये बंद पडली. लाटयंत्राला मध्यम लाटांत वीज द्यावी लागते आणि हिवाळी वादळातही तग धरावा लागतो. त्यासाठी लागणारे मजबूत बांधकाम खर्चिक असते. त्यातच पवनचक्कीप्रमाणे सर्वमान्य रचना लाटयंत्रांत अद्याप ठरलेली नाही.

प्रवाहयंत्रे

२००८ मध्ये ओपनहायड्रो कंपनीच्या टर्बाइनने फॉल ऑफ वॉरनेस येथून ब्रिटनच्या विद्युतजाळ्याला वीज दिली. २०२१ मध्ये ऑर्बिटल मरीन पॉवर या कंपनीचे ओ-२ हे २ मेगावॉट क्षमतेचे तरंगते यंत्र तेथेच कार्यान्वित झाले. ७४ मीटर लांबीच्या या यंत्राच्या दोन बाहूंवर प्रत्येकी १ मेगावॉटचे टर्बाइन आहे. बाहू वर उचलता येत असल्याने मोठी जहाजे व पाणबुडे न आणता बरीचशी दुरुस्ती पाण्यावरच करता येते. २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या लिलावात प्रवाह-ऊर्जेला निश्चित दराचे करार मिळाले. त्यांत ईडेजवळील ७.२ मेगावॉटच्या प्रकल्पाचा समावेश होता.

विद्युतजाळे व बेटांवरील जीवन

२०१३ पासून ऑर्कनीत वर्षभराच्या विजेच्या गरजेहून अधिक अक्षय वीज निर्माण होऊ लागली. यात पवनचक्क्यांचा वाटा सर्वाधिक आहे. मात्र मुख्य भूमीशी असलेला संबंध ३३ किलोव्होल्टच्या दोन समुद्री केबलांपुरता होता. त्यांची क्षमता भरली की निर्मिती थांबवावी लागे आणि स्थानिक लोकांच्या मालकीच्या पवनचक्क्यांचेही उत्पन्न बुडे. याउलट, थंड हवामान व जुनी घरे यांमुळे घरे उबदार ठेवण्याचा खर्च येथील अनेक कुटुंबांना जड जातो. ज्या बेटांवर वीज अतिरिक्त आहे, तेथेच ती परवडत नाही, ही विसंगती ऑर्कनीच्या ऊर्जाविषयक चर्चेत वारंवार मांडली जाते.

यावर उपाय म्हणून ‘सर्फ अँड टर्फ’ प्रकल्पात ईडे येथील प्रवाहयंत्रांची व गावाच्या पवनचक्कीची अतिरिक्त वीज वापरून पाण्याचे विघटन करण्यात आले. त्यातून मिळालेला हायड्रोजन फेरीबोटीने कर्कवॉल बंदरात नेऊन इंधनघटाद्वारे पुन्हा वीज निर्माण करण्याची योजना होती. भरतीच्या विजेपासून हायड्रोजन २०१७ मध्ये प्रथम तयार झाला. २०२३ मध्ये ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाने मुख्य भूमीशी जोडणाऱ्या २२० मेगावॉट क्षमतेच्या नव्या केबलला मंजुरी दिली.