तपकिरी भिंत आणि खालचा जुना थर

पावसाळा सरला की माळशिरस, अकलूज, नातेपुते या भागातल्या घरांत रंगाची कामे निघतात. त्यात चॉकलेटी रंग ठरलेलाच. दारे-खिडक्यांना तो पूर्वीपासून आहे. भिंतीला खालून तीन-चार फूट गडद ऑइलपेंटचा पट्टा मारायची पद्धतही जुनी. पोरांचे हात आणि टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचे तेल त्यात लपते. आता हॉलची एक अख्खी भिंत गडद तपकिरी करण्याची हौसही आली आहे.

यावर घरातली मोठी माणसे हमखास म्हणतात, ‘काळपट रंगानं घर तापतं.’ बाहेरच्या भिंतीपुरते आणि छतापुरते ते खरे आहे. गडद रंग ऊन शोषतो, म्हणूनच स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिला की उन्हाळ्यात आत फरक जाणवतो. पण आतल्या भिंतीवर थेट ऊन पडत नसेल, तर ती पांढरी असो की तपकिरी, खोलीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो उजेडात. स्वच्छ पांढरी भिंत अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकते, गडद तपकिरी जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास. एकाच खिडकीच्या खोलीत चारही भिंती तपकिरी केल्या तर दिवसा दिवा लावावा लागतो. वाचणारी मुले आणि मोतीबिंदू झालेले आजी-आजोबा यांची त्यात अडचण होते. शिवाय भिंतीला आलेली ओल आणि काळी बुरशी गडद रंगात लवकर दिसत नाही. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत हे बरे नव्हे. खिडकीसमोरची एकच भिंत तपकिरी आणि बाकी फिक्या, एवढ्यावर हौस भागते.

खरी काळजी मात्र नव्या रंगाची नाही, त्याखालच्या जुन्या थराची आहे. तपकिरी छटा बहुधा लोहाच्या ऑक्साइडची असते. आपला गेरूही तोच. पण ऑइलपेंट लवकर वाळावा म्हणून पूर्वी त्यात शिशाची संयुगे घालत, आणि पिवळ्या-नारिंगी छटांसाठी लेड क्रोमेट वापरत. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारांवर काय आहे, हे डोळ्यांनी कळत नाही.

रंग चिकटून आहे तोवर धोका कमी. पॉलिश पेपरने कोरडे घासले की शिशाची बारीक धूळ उडते, फरशीवर बसते आणि रांगत्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषते. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि सुरुवातीला लक्षणे दिसतीलच असे नाही. शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातले शिसे तपासता येते.

म्हणून जुने दार पाणी मारून, ओले ठेवूनच घासावे. ज्योतीने रंग जाळून काढू नये. काम संपून सफाई होईपर्यंत मुलांना आणि गरोदर बाईला दुसऱ्या घरी ठेवावे. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. नवा डबा घेताना शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख वाचून घ्यावा.

आणि पेंटर? घरमालकाचे घासकाम दोन दिवसांत उरकते, त्याचे वर्षभर चालते. तोंडाला नुसता रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही. त्याला एन-९५ मास्क लागतो. घरी जाण्याआधी हातपाय धुऊन कपडे तिथेच बदलायला त्याला पाणी आणि आडोसा हवा. नाहीतर तीच धूळ त्याच्या सदऱ्यावरून त्याच्या पोरांपर्यंत पोचते.